मखमलीच्या पानांवरचे गोल डाग

त्या दिवशी दुपारी मी आणि माझ्या बायकोनं मिळून कुंड्या फिरवल्या. आमच्या हातून झालेलं शेवटचं धड काम तेच.

अकरा कुंड्या होत्या. आतल्या खोलीत, कूलरच्या झोतापासून लांब, उत्तरेच्या खिडकीखाली मी ठोकून दिलेल्या फळीवर. या झाडाची पानं उजेडाकडे सरकतात, म्हणून आठवड्यातून एकदा कुंडी पाव फेरा फिरवायची, म्हणजे झाड ताटलीसारखं गोल राहतं. आधी ती स्वतःच करायची. किडन्या गेल्यापासून ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची, सुजलेले पाय पाटावर ठेवून, आणि मी फिरवायचो. जास्त झालं, म्हणायची. मी मागे घ्यायचो. आता कमी झालं, म्हणायची. माझा दाढीचा जुना ब्रश तिनं केव्हाच पळवला होता, त्या ब्रशानं मी पानांवरची धूळ झाडायचो. पानं जाड, बारीक लव असलेली. खरं नाव आफ्रिकन व्हायोलेट. ती मखमल म्हणायची. ही झाडं जळगावच्या उन्हाळ्यात टिकत नाहीत असं तिला दहा जणांनी सांगितलं होतं. तिनं बारा उन्हाळे टिकवली.

डॉक्टरांनी तिला दिवसाला एक लिटर पाणी बांधून दिलं होतं. चहा, वरण, गोळीवरचा घोट, सगळं त्यातच. मोजायचं काम माझ्याकडे. मी तीस वर्षं पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होतो. एका गल्लीला पाणी सोडायचं, वेळ झाली की चावी फिरवायची आणि पुढच्या गल्लीला सोडायचं. बायका हंडे घेऊन अंगावर यायच्या. भाऊ, पाचच मिनिटं. मी कोणाला पाच मिनिटं दिली नाहीत, कारण पुढच्या गल्लीत तेवढे हंडे कोरडे राहायचे. शिव्या खाल्ल्या, एकदा चप्पलही खाल्ली. असला माणूस तिच्या बाटलीवर पहारा करत होता.

कुंड्या फिरवून झाल्या तेव्हा चार वाजले होते आणि बाटली संपली होती. फाल्गुन नुकताच लागलेला, तरी वरचा पत्रा तापलेला. तिनं घोटभर पाणी मागितलं. मी म्हणालो, आजचं झालं. ती धुळ्याकडची, तिकडच्या बोलीत म्हणाली, "तुमना धंदाच शे नय बंद कराना." नळ बंद करायचाच धंदा तुमचा. ती हसली. मी पण हसलो. पाणी दिलं नाही.

पहाटे तिला दम लागला. शेजारच्याची रिक्षा काढली, दवाखान्यात नेलं, नाकाला नळी लावली. दुपार व्हायच्या आत ती गेली. हृदय थांबलं असं डॉक्टर म्हणाले. पाण्याचा विषय कोणी काढला नाही. मीही काढला नाही.

द्वारदर्शनाला, म्हणजे दुखवट्याला भेटायला, माणसं येत राहिली. बायका आतल्या खोलीत बसायच्या, पुरुष ओट्यावर. अशा घरी चहा नसतो, माठातलं पाणी देतात. आलेला माणूस दोन घोट घेतो आणि उरलेला पेला हातात धरून बसतो. आमच्याकडे नळ तीन-चार दिवसांनी येतो. पेल्यातलं पाणी मोरीत ओतायला इथं कोणाचा हात होत नाही, झाड दिसलं की झाडाला. आतल्या खोलीत अकरा झाडं होती. उठताना प्रत्येक बाई उरलेलं गार पाणी एखाद्या कुंडीत ओतायची, वरून, पानांवरच. एक म्हातारी म्हणाली, मालकीण गेली, झाडंबी तहानली असतील. मला ते ऐकून बरं वाटलं. तेराव्या दिवसाच्या गंधमुक्तीपर्यंत हे रोज चाललं.

माझी एकुलती मुलगी धुळ्याला देवपुरात असते. तेरा दिवस राहून निघाली तेव्हा फळीपाशी उभी राहून म्हणाली, "आबा, पांढऱ्या फुलांचं माझं आहे. आईनं मला सांगितलं होतं. आता कळ्या आहेत, हलवायचं नाही. आखाजीला येईन तेव्हा नेईन." मी बरं म्हणालो. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दीड महिना होता. तोवर एक कुंडी सांभाळायची, त्यात काय मोठं, असं वाटलं.

मुलगी धुळ्याला परतल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला डाग दिसले. पानांवर फिकट पिवळे गोल, काही बांगडीच्या तुकड्यासारखे वाकडे. एका झाडावर नाही, सात-आठांवर. मी खिडकी बंद केली, पुन्हा उघडली, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग खालची पानं पडायला लागली. पडायला म्हणजे गळून नव्हे. ती मलूल होऊन कुंडीच्या काठावर लोळायची, ओल्या फडक्यासारखी.

तहान लागली, असं मी समजलो. दुसरं काही डोक्यात येईना. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत झाडं माना टाकत होती, आणि मी त्या दुपारी नाही म्हणून बसलेला माणूस. मी तांब्या उचलला. ती खालच्या बशीत पाणी ओतायची, अर्धा तास ठेवायची आणि उरलेलं काढून टाकायची. मला ते कंजूसपणाचं वाटायला लागलं. मी वरून घातलं, भरपूर. संध्याकाळी माना तशाच. पुन्हा घातलं. दुसऱ्या दिवशी जास्त पडल्या, म्हणून जास्त घातलं. आयुष्यभर दुसऱ्याचं पाणी वेळेवर बंद करणारा मी, मला त्या तांब्याला नाही म्हणता येईना. झाड वाकलेलं दिसलं की तिचं तोंड दिसायचं.

मग मला सकाळची भीती वाटायला लागली. उठलो की आधी ओट्यावर जायचो, अंघोळ करायचो, दूध आणायचो, आतल्या खोलीचा पडदा शेवटी. एक दिवस जांभळ्या झाडाचा मधला कोंब हाताला लागला आणि निघूनच आला. करडा, बुळबुळीत. मी तो कागदात गुंडाळून खिशात ठेवला, का ते विचारू नका. त्या दिवशी मी जेवलो नाही.

मुलगी दर रविवारी फोन करायची, तोंड दिसणारा फोन. झाडं दाखवा म्हणायची. पहिल्या रविवारी मी जी चांगली होती त्यांच्यावरूनच फोन फिरवला. दुसऱ्या रविवारी पांढऱ्याची धड बाजू शोधून तेवढीच दाखवली. तिसऱ्या रविवारी नेट चालत नाही म्हणालो. खोटं बोलण्याची मला सवय नाही. फोन ठेवल्यावर दाराकडे बघत राहायचो. पोलीस येणार असल्यासारखा.

लहानपणी मी वडिलांबरोबर नशिराबादकडे लोकांच्या केळीत राबलो आहे. चौथीनंतर शाळा सुटली ती त्याचमुळे. केळीवर करपा आला की डाग पडलेली पानं कापून बागेबाहेर जाळायची, एवढं मला पक्कं माहीत. म्हणून मी ब्लेडनं डाग असलेली सगळी पानं कापली. झाडं तळहाताएवढी उरली. ती जरा बरी दिसली, दोन दिवस. मग एक पान खिशात घालून औषधाच्या दुकानात गेलो. कापसाचा आणि केळीचा माल विकणारं दुकान, गिऱ्हाइकं उभी होती. दुकानदारानं पान उलटंपालटं केलं आणि किती एकराला लागलं आहे असं विचारलं. मी म्हणालो, अकरा कुंड्या. उभे असलेले शेतकरी हसले. एक जण म्हणाला, "बाबा, विम्याचा फॉर्म भरा." मी पान परत घेऊन खिशात घातलं. दुकानदारानं एक पांढरी भुकटी दिली, पाण्यात कालवून घाला म्हणाला. म्हणजे पुन्हा पाणीच.

आखाजी दहा दिवसांवर आली तेव्हा फळीवर दोन कुंड्या उरल्या होत्या, एक गुलाबी आणि एक पांढरी. बाकी नऊ मी मोरीपाशी एकात एक घालून ठेवल्या होत्या, तोंडं खाली करून.

या झाडाचं पान रोवलं की नवं झाड होतं, तसलं पहिलं पान तिला एका मारवाडी शेठाणींनी दिलं होतं. कापडाचं जुनं दुकान आहे त्यांचं, वर घर. माझी बायको एकोणीस वर्षं तिथं स्वयंपाकाला होती. शेठाणी आता ऐंशीच्या पुढच्या. द्वारदर्शनाला त्यांना खुर्चीत बसवून उचलून आणलं होतं, तेव्हा त्या एवढ्या रडल्या की मीच त्यांना पाणी दिलं. त्यांच्यापुढे मेलेली झाडं घेऊन जायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. पण दुसरं कोण होतं? गुलाबी कुंडी मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. पांढरी न्यायचा धीर झाला नाही.

मला वाटलं त्या पानं बघतील. त्यांनी पानांकडे पाहिलंच नाही. कुंडी दोन्ही हातांनी उचलून वजन पाहिलं. अंगठा मातीत दाबला. मग कुंडी नाकाशी नेली आणि माती हुंगली. मला हुंगायला दिली. भाद्रपदातल्या साचलेल्या डबक्याचा वास.

"भाऊ, पाणी किती वेळा?"

मी म्हणालो, सकाळ-संध्याकाळ.

त्यांनी कुंडी खाली ठेवली. मी खाली बघत राहिलो.

"हे बुडालं," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं की पानं मलूल पडली होती, तहानलेली दिसत होती. त्या म्हणाल्या, बुडालेल्या झाडाची पानंही अगदी तशीच पडतात, तिथंच माणूस फसतो. माती ओली राहिली की मुळं कुजतात, कुजलेलं मूळ पाणी वर चढवत नाही. "खाली पाणीच पाणी, आणि वर झाड तहानेनं मरतं. म्हणून पान बघून पाणी घालायचं नाही. माती बघून घालायचं."

माझ्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. माझ्या बायकोचे पाय पाण्यानं असे फुगलेले असायचे की बोट दाबलं तर खड्डा राहायचा, आणि जीभ कोरडी. एका वेळी दोन्ही. मी ते रोज बघत होतो आणि मला कळत नव्हतं. शेठाणींनी विचारलं, बरं वाटतं ना भाऊ. मी हो म्हणालो.

डागांचं त्यांनी लगेच सांगितलं. माठाचं नाहीतर फ्रिजचं गार पाणी पानावर पडलं की असे गोल उमटतात, तो रोग नव्हे. डाग जात नाहीत, पण त्यानं झाड मरतही नाही. म्हणजे मी ब्लेडनं कापलेली सगळी पानं धड होती. हे त्या बोलल्या नाहीत, मला समजलं. कुंडीच्या काठावर पांढरा खार चढला होता, जड पाण्याचा. त्यावर टेकलेल्या देठांना काळे वळ पडले होते. त्या म्हणाल्या, देठांना खार लागू नये म्हणून ती काठाला मेणबत्ती घासायची, तुम्ही पाहिलं नाही का कधी? मी पाहिलं होतं. टाइमपास करते असं समजलो होतो.

मग त्यांनी गुलाबी झाड बोटांनी धरलं आणि ओढलं. ते काही जोर न लावता बाहेर आलं. खाली मुळं नव्हतीच, भिजलेल्या सुतळीसारखं काहीतरी लोंबत होतं. त्यांनी ते वर्तमानपत्रावर ठेवलं.

पांढऱ्याचं विचारलं. मधला कोंब टणक आहे का? मी म्हणालो, सकाळपर्यंत होता. मग एकच उपाय, त्या म्हणाल्या. झाड बाहेर काढायचं, खालचा दांडा चाकूनं कापायचा. आत तपकिरी दिसलं तर अजून वर कापायचं. काकडीसारखं स्वच्छ हिरवं लागेपर्यंत कापत जायचं, मग राहील तेवढं नव्या भुसभुशीत मातीवर बसवायचं, वर पारदर्शक पिशवी. हिरवं लागलंच नाही तर झाड गेलं. स्वतः करून देता का, असं मी विचारलं. त्यांनी हात पुढे केला. हात एकसारखा थरथरत होता. तुम्हालाच करावं लागेल, म्हणाल्या, आणि लवकर, कुज वर चढते.

नारळाचा भुसा, वाळू आणि पानांचं खत त्यांनी एका डब्यात मिसळून दिलं. मी घरी आलो आणि कापलं नाही.

एक दिवस गेला, दुसरा गेला. चाकू धुऊन फळीवर ठेवला होता. मी खुर्ची ओढून समोर बसायचो आणि उठायचो. कापून हिरवं लागलं नाही तर? न कापता निदान ते उभं होतं. तिच्या हाताचं एवढंच उरलं होतं, आणि माझ्या हातानं आतापर्यंत ज्याला हात लावला ते मेलं होतं. आठवडाभर मी पाणी घातलं नाही, कापलंही नाही, नुसता भ्यायलो. एका सकाळी खालची दोन पानं काठावर लोळलेली दिसली. कुज वर चढत होती आणि मी तिला वाट देत होतो.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी मुलगी धुळ्याच्या बसनं आली. नवी मातीची घागर कपड्यात गुंडाळून घेऊन आली होती, आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं भरतात तशी, आईच्या नावाची. पहिल्या वर्षाची घागर मुलीनं आणावी असं काही नाही, पण तिला आणायची होती. घागर ठेवली आणि सरळ आत गेली. मी दारातच थांबलो. फळी रिकामी होती, एक कुंडी सोडून. तिनं मोरीपाशी जाऊन त्या एकात एक घातलेल्या कुंड्या पाहिल्या. मोजल्या असाव्यात.

मी सगळं सांगितलं. पाहुण्यांचं पाणी, माझं पाणी, ब्लेड, भुकटी, शेठाणी. ती ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं की आई कसं करायची ते डोळ्यासमोर होतं, मग इतकं पाणी का घालत राहिलात. तेव्हा मी तो घोट सांगितला. कोणाला सांगितला नव्हता.

ती खाली बसली, फळीला टेकून.

"घोट दिला असता तर ती वाचली असती का?"

"नाही," मी म्हणालो.

"त्या घोटानं मेली असती?"

"एका घोटानं काय होतं. नाही."

"मग द्यायचा होता, आबा."

ओरडून नाही बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, हो, द्यायचा होता. बाहेर शेजारच्या पोरींनी झाडाला झोका बांधला होता, त्यांची आखाजीची गाणी आत ऐकू येत होती.

बऱ्याच वेळानं ती उठली, पांढऱ्या कुंडीवर वाकली आणि मधल्या कोंबाला करंगळी लावून पाहिली. टणक आहे अजून, म्हणाली. कापायचं तर कापा, नाहीतर मी कापते. मी म्हणालो, तू नको. का, असं तिनं विचारलं.

"मेलं तर तुझ्या हातून नको."

"आणि तुमच्या हातून चालेल?"

मी चाकू उचलून पुन्हा फळीवर ठेवला. ती पुरणाची डाळ निवडायला स्वयंपाकघरात गेली.

सकाळी तिनं घागर पाण्यानं भरून पूजेला मांडली. वर लहान मडकं, त्यावर खरबूज, सांजोरी आणि दोन कैऱ्या. आईचं नाव घेऊन उंबऱ्याला कुंकवाचं बोट ओढलं. माझ्याकडूनही ओढून घेतलं. मग मी आत गेलो, पडदा पूर्ण सारला आणि कुंडी जमिनीवर वर्तमानपत्रावर घेतली. मुलगी समोर येऊन बसली. मी झाड बाहेर काढलं. मुळं नव्हती. चाकू उचलून मी थांबलो, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं, आणि तसंच धरून ठेवलं. पहिला काप घेतला. आत चहाच्या रंगाचं. दुसरा घेतला, अजून वर. कडेला हिरवट, मधे डाग. खालची तीन पानं सुटून पडली. आता वर पाच पानं आणि बोटाच्या पेराएवढा दांडा राहिला होता, त्याच्या वर कापायला जागा नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं. ती चाकूकडे बघत होती. मी तिसरा काप घेतला आणि तुकडा उलटा करून उजेडाकडे धरला. सगळा हिरवा होता. कडेपासून कडेपर्यंत.

मला तरी पटेना. मी तो तिच्या हातात दिला आणि म्हणालो, तू बघ, माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही.